येतो म्हणू नका, जावा

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

शाहूपुरी, कोल्हापूर
गुरुवार, ता. ९ फेब्रुवारी २००६

तीर्थस्वरूप मृत्युंजय दाजी यांसी,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे शशिधरचा, वाकून शरणार्थ. पत्राच्या सुरुवातीला ‘इकडे सर्व क्षेम’ लिहायची पद्धत आहे, आणि मागच्या महिन्यात लिहिलं असतं तर ते धडधडीत खोटं ठरलं असतं, म्हणून तेव्हा लिहिलंच नाही. आता मात्र खरोखर क्षेम आहे, शपथेवर लिहितो. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (का उजवा? जो दुखत असेल तो.) अक्काची साखर आटोक्यात आहे का, का अजून देवाचा प्रसाद म्हणून सगळं चालतंय? अप्पा आता ब्याऐंशीचे झाले, पण ठणठणीत आहेत. ऐकायचं नसेल तेवढं ऐकू येत नाही, बाकी सगळं येतं. निर्मलाचा तुम्हा उभयतांना नमस्कार. दुकान बरं चाललंय. मोटरपंप जळायचे काही थांबलेले नाहीत.

आता आनंदाची बातमी. आपल्या शांभवीचं लग्न ठरलं. मुलगा गडहिंग्लजचा, नाव महांतेश, साखर कारखान्यात इंजिनिअर आहे, उंच आहे, आणि मुख्य म्हणजे आपल्या पोरीला मनापासून पसंत आहे. लग्न रविवार, ता. ७ मे. हे एवढं पोस्टकार्डावरही मावलं असतं. पण हे ठरलेलं लग्न मध्ये अकरा दिवस मोडलेलं होतं, आणि मोडलं होतं ते माझ्या तोंडानं, आणि त्याचं मूळ आहे ‘बसा की पावणं’. अक्का मला मागं फोनवर म्हणाली होती की त्या मालिकेचं नाव ह्यांच्यापुढं काढू नको. का, ते काही सांगितलं नाही. पण दाजी, ते नाव काढल्याशिवाय पत्र पुढं सरकत नाही, तेव्हा माफी असावी.

तुम्हाला सगळं पाठ आहे, पण अक्का पत्र मोठ्यानं वाचते आणि शेजारणी ऐकायला बसतात, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. सन दोन हजारात एक नवं मराठी चॅनेल आलं होतं (पुढं तेही बंद पडलं). त्यावर दर गुरुवारी साडेसातला ही मालिका लागायची. गोष्ट एवढीच, की एक तात्या नावाचा पाहुणा तहसील कचेरीत दाखला काढायला म्हणून दोन दिवसांसाठी येतो आणि जातच नाही. दर भागाच्या शेवटी पिशवी उचलून ‘येतो आता’ म्हणायचा, घरातली माणसं सुस्कारा सोडायची, पडद्यावर नावं सुरू व्हायची, आणि तेवढ्यात फाटकातनं तात्या परत. ‘येतो म्हटलो होतो, आलो!’ आपल्यात जाताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणायचं, ह्या एका रिवाजावर त्या माणसानं सहा गुरुवार काढले. सव्वीस भागांची मालिका सहाव्याला बंद झाली. बंद का केली, असं मी चॅनेलला पत्र टाकून विचारलं, तर उत्तरादाखल सातव्या गुरुवारी त्या जागी पाककृती सुरू केली. साऱ्या महाराष्ट्रात ती मालिका बघणारी माणसं म्हणजे आपण, समोरचा कंपौंडर केरबा, आणि फार तर इचलकरंजीत एखादं घर असेल, असं आपणच म्हणायचो. तुमच्या राजारामपुरीत ते चॅनेल दिसत नव्हतं, म्हणून तुम्ही स्कूटरवर मागं अक्काला बसवून, तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला व्हीसीआर देऊन आमच्याकडं यायचा आणि भाग भरून घ्यायचा. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, अक्का दर गुरुवारी कुणाचं तरी बाळ घेऊन येते. काय दिवस होते दाजी! पुढं तुमची नागपूरला बदली झाली आणि गुरुवार ओसाड पडले.

मालिका संपली पण तिचा एक डायलॉग घरात राहिला. तात्या ‘येतो’ म्हणाला की त्या घरची वहिनी हात जोडून म्हणायची, ‘येतो म्हणू नका, जावा!’ हा आमच्या घरचा रामरामच झाला. केरबा उठला की म्हणायचं, दूधवाला वळला की म्हणायचं, शांभवीच्या मैत्रिणी निघाल्या की आम्ही चौघं एका सुरात म्हणायचो आणि त्या खिदळत जायच्या. सहा वर्षांत जिभेला असं वळण पडलं की दुकानातसुद्धा तोंडातनं निघायचं. (सांगलीचा एक बेअरिंगवाला विक्रेता त्यानंतर आलाच नाही. मला वाटायचं त्याची फिरती बदलली.)

संक्रांत झाली, आणि दुसऱ्या दिवशी रविवारी गडहिंग्लजची मंडळी बघायला यायची ठरली. मी आठ दिवस आधीपासून घरात जाहीर केलं की त्या दिवशी तो डायलॉग ज्याच्या तोंडातनं निघेल त्याच्याशी माझा संबंध संपला. निर्मलाकडनं देवापुढं शपथ घेतली. शांभवीला तर सांगायची गरज नव्हती, तिनं चार पोरं नाकारल्यावर हा फोटो पहिल्यांदा स्वतःहून मागून घेतला होता. केरबाला दिवसभर घराकडं फिरकू नको म्हणून सांगितलं. भीती होती ती अप्पांची. म्हणून त्यांना हवापालट म्हणून गगनबावड्याला चुलत बहिणीकडं धाडलं. जानेवारीत, दाजी! ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला घाटमाथ्यावर! एसटीत बसताना मला म्हणाले, ‘मला काय कळत न्हाई व्हय रं?’ पण गेले. म्हणजे बंदोबस्तात मी कुठं कमी पडलो असं कुणी म्हणू नये.

कार्यक्रम नाद खुळा झाला. निर्मलाचा चुरमुऱ्यांचा सुसला जमला, शिरा जमला. महांतेशचे वडील कमी बोलणारे, अडकित्त्यानं सुपारी कातरत बसणारे. आई बाळाबाई मात्र करारी, घरभर नजर फिरवून पडद्याची शिवणसुद्धा तपासणाऱ्या. पोरगा-पोरगी गच्चीवर गेली ती वीस मिनिटं खाली येईनात, आणि आली तेव्हा शांभवीच्या तोंडावर जे काही होतं ते बघून मी मनात मांडवसुद्धा घातला. मंडळी उठली. बाळाबाई उंबऱ्यापाशी थांबल्या, पदर सावरला, चक्क हसल्या आणि म्हणाल्या, ‘बरं मग, येतो आम्ही.’ आणि मी, सगळ्या घराला शपथा घालणारा मी, दोन्ही हात जोडून म्हणालो, ‘येतो म्हणू नका, जावा!’

पुढचं काय लिहू! बघायला आलेल्या व्याह्यांना उंबऱ्यावर उभं करून ‘जावा’. हे आपल्यात वैऱ्यालाही कुणी म्हणत नाही. बाळाबाईंचं हसू तिथंच वाळलं. अडकित्ता थांबला. निर्मलानं कपाळाला हात लावला, तर मला वाटलं घाम पुसतेय. मी सावरायला म्हणून हसलो, ते तर आणखी वाईट दिसलं असं शांभवी नंतर म्हणाली. म्हणजे हे एवढंच म्हणाली. त्यानंतर अकरा दिवस ती माझ्याशी ‘बाबा, मीठ’ ह्यापलीकडं बोलली नाही, आणि मीठ नको असलं तर तेही नाही. रागावली असती, रडली असती तर चाललं असतं. ती गुपचूप डबा घेऊन कामाला जायची आणि आली की गच्चीवर जाऊन बसायची. दाजी, मी बाप म्हणून इतका लहान कधी झालो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थ चन्नाप्पाकाकांचा फोन. (तेच, पेठेत तेलाचं दुकान असलेले, ज्यांनी माझंही लग्न जमवलं आणि अजून त्याबद्दल निर्मलाकडं दिलगिरी व्यक्त करतात.) म्हणाले, मुलीत काही खोट नाही, पण बाप तोंडाचा मोकळा आहे असं पलीकडचं मत पडलंय. मी म्हटलं, काका, तो मालिकेतला डायलॉग आहे हो. म्हणाले, कुठली मालिका? म्हटलं, ‘बसा की पावणं.’ म्हणाले, ‘बसलोयच की, तू मालिकेचं नाव सांग.’ मी पुन्हा म्हटलं, ‘बसा की पावणं!’ ते म्हणाले, अरे बसूनच बोलतोय, नाव सांग. असं चार वेळा झालं, आणि पाचव्यांदा त्यांनी फोन ठेवला. शेवटी त्यांच्या घरी जाऊन कागदावर लिहून दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, असली मालिका कधी झालीच नाही. गडहिंग्लजलाही कुणाला माहीत नाही, त्यांनी चौकशी केली. चूक झाली तर झाली म्हण, वर थापा कशाला मारतोस?

आता लग्न राहिलं बाजूला, मालिका झाली होती हेच सिद्ध करायची वेळ आली. केबलवाल्या पिराजीकडं गेलो. त्याला चॅनेल आठवत होतं, कारण त्यावर मुंग्या यायच्या अशी गल्लीची तक्रार होती. पण मालिका? तो माझ्याकडं काळजीनं बघून म्हणाला, त्या मुंग्यांत तुम्ही मालिका बघितलीसा? वाचनालयात जाऊन सहा वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं काढायला लावली. कार्यक्रमांच्या रकान्यात गुरुवार, साडेसात, पुढं छापलेलं: ‘बसा की पाणी’. हा काय पुरावा झाला? तुमच्याकडं फोन लावला तो तेव्हाच. अक्का म्हणाली कॅसेट माळ्यावर ट्रंकेत आहे, ट्रंक उतरवायला माणूस नाही, आणि वर ते नाव न काढण्याबद्दल बजावलं. मग मी हातपाय गाळले.

तारणहार निघाला केरबा. त्याला आठवलं की चौथ्या भागात गॅसचा सिलेंडर घेऊन येणारा माणूस आपल्या कोल्हापूरचा होता, बाळासो, मंगळवार पेठेत राहतो, हल्ली सत्कार समारंभात निवेदन करतो. गेलो. पंचावन्नचा माणूस, रेशमी शर्ट, खणखणीत आवाज. मी मालिकेचं नाव घेतलं मात्र, दाजी, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, सहा वर्षांत हे नाव विचारत आलेला तुम्ही पहिला माणूस. त्याला मालिकेत एकच वाक्य होतं, ‘वहिनी, सिलेंडर आणलाय, कुठं ठेवू?’ ते त्यानं मला तीन तऱ्हांनी म्हणून दाखवलं. तिसऱ्या तऱ्हेला मलाही गलबलून आलं.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदनाचं निवेदन आटोपून, छातीवर कागदी तिरंगा तसाच ठेवून, बाळासो माझ्याबरोबर गडहिंग्लजच्या एसटीत बसला. बाळाबाईंनी दार उघडलं, बसा म्हणाल्या, पाणी दिलं. चहाचं नाव नाही. मी ओळखलं की केस कठीण आहे. बाळासोनं पिशवीतनं अल्बम काढला. त्यात त्या चौथ्या भागाचा फोटो होता खरा, पण फोटोत सिलेंडर पूर्ण आणि बाळासोचा फक्त हात. बाळाबाई म्हणाल्या, हा हात कुणाचाही असेल. मग काय, त्यानं उभं राहून अख्खी मालिकाच करून दाखवायला घेतली. पहिला भाग संपेतो जेवणवेळ झाली. रिवाज म्हणून त्यांनी ताट वाढलं, आणि बाळासोनं पाच भाकऱ्या खाल्ल्या. मी दीड खाल्ली, तीही खाली मान घालून. जेवल्यावर दुसरा भाग. महांतेशचे वडील सुपारी कातरत राहिले, आणि मला वाटतं मधे एकदा डुलकीही काढली.

तीन वाजता मी बाळासोच्या पायावर पाय दिला. तो उठला, ‘येतो आता’ म्हणाला, आम्ही फाटकापर्यंत गेलो, आणि हा अल्बम राहिला म्हणून परत. मग ‘येतो’ म्हणून निघाला, तर चष्मा. मग चष्मा आणायला गेला तो, आपल्याला निवेदनाचं पारितोषिक कसं मिळालं हे सांगायचं राहिलं म्हणून बसला. साडेचारला पुन्हा ‘येतो’. ह्या वेळी फाटकाची कडी लागली, माझा जीव भांड्यात पडला, आणि तो वळून परत पायरी चढून बाळाबाईंना म्हणाला, चहा मात्र घेतल्याशिवाय बरं दिसणार नाही. (मी नंतर विचारलं, तू हे मुद्दाम करत होतास का? म्हणाला, काय मुद्दाम? तो खरोखरच तसा आहे.) चहा झाला. बाळासो उठला, हात जोडले आणि चौथ्यांदा म्हणाला, ‘बरं वहिनी, येतो.’ आणि बाळाबाई, करारी बाळाबाई, दोन्ही हात कोपरापासून जोडून कडाडल्या, ‘अवो येतो येतो काय लावलंयसा सकाळधरनं? येतो म्हणू नका, जावा!’

अडकित्ता थांबला. बाळाबाईंनी तोंडावर पदर धरला. आतल्या खोलीतनं महांतेशचं हसू फुटलं, मग कमी बोलणारे वडील हसले, एवढे की सुपारीचं खांड उडून सिलेंडरच्या फोटोवर पडलं. शेवटी पदराआडनं बाळाबाईही हसायला लागल्या, आणि डोळे पुसत मला म्हणाल्या, ‘असं झालतं व्हय तुमचं!’ दाजी, छातीवर अकरा दिवस ठेवलेला दहा हॉर्सपॉवरचा पंप कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. मी तिथंच ढसाढसा रडलो. लाज वाटली नाही. मग साखर आली, चन्नाप्पाकाकांना बोलावणं गेलं, आणि मी दुकानात फोन न करता थेट शांभवीला केला. तिनं पलीकडनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘बाबा, जेवलासा का?’ बस्स. मला सगळं मिळालं.

आता बाळाबाई गडहिंग्लजभर तो डायलॉग सांगत सुटल्या आहेत. त्यांची एकच अट आहे, की लग्नाला तुमची कॅसेट यावी आणि ती वहिनी तो डायलॉग कसा म्हणते ते साऱ्या वऱ्हाडाला दाखवावं. तेव्हा ट्रंक उतरवा, माणूस मिळत नसेल तर इथनं धाडतो. तुम्ही, अक्का आणि कॅसेट, तिघांनीही आठ दिवस आधी यावं ही विनंती. निर्मलाचा नमस्कार वर लिहिलाच आहे, पण ती पुन्हा लिही म्हणते.

आपला मेव्हणा,
शशिधर

ता. क. बाळासो आमच्याकडंच आहेत. सव्वीस तारखेला गडहिंग्लजहून परतताना ‘चहा घेऊन जातो’ म्हणून उतरले, आज चौदा दिवस झाले. आता लग्न करूनच जातो म्हणतात. (शांभवीचं. त्यांचं झालेलं आहे.) वरचं पत्र त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि आत्ता म्हणतात की मालिकेत असा डायलॉगच नव्हता. वहिनी फक्त ‘बरं, या’ म्हणायची आणि डोळे फिरवायची. ते स्वतः सगळं शूटिंग संपेपर्यंत सेटवर होते, त्यांना कुणी घालवू शकलं नव्हतं, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागतो. निर्मला आणि मी एकमेकांकडं बघत बसलोय.

ता. क. दुसरा. अप्पांना विचारलं. ते म्हणाले, ‘ते मालिकेतलं न्हवंच. ते मी जावयाला म्हणायचो.’ दाजी, आता सगळं आठवलं. मालिका आठला संपायची, तुम्ही ‘येतो’ म्हणून उठायचा, मग व्हीसीआरची वायर राहिली, मग अक्काची पिशवी, मग तात्याची एखादी नक्कल, आणि नऊ वाजले तरी तुम्ही उंबऱ्यावरच. मग अप्पा म्हणायचे आणि आपण सगळे हसायचो. शेवटच्या गुरुवारी अप्पांची कंबर धरली होती, ते तेच म्हणाले, पण हसून नाही. तुम्ही वायर न घेता गेलात. पुढच्या गुरुवारी निर्मलानं तुमच्यासाठी पुरणाच्या होळिगे करून ठेवल्या होत्या, तुम्ही आला नाहीत, मग बदली झाली, आणि आम्हाला वाटलं, बदलीच झाली म्हणून येत नाहीत. सहा वर्षं. अक्का का गप्प होती ते आज कळलं.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा मजकूर समजावा. कॅसेट आणू नका. बाळाबाईंनी ती बघितली तर मी थापाड्या ठरेन आणि लग्न पुन्हा मोडेल. तिच्यावर अक्काची भजनं भरा, नाहीतर ट्रंक माळ्यावरच राहू द्या. कॅसेटीच्या बदली तुम्ही या. तुमची वायर अजून आमच्या कपाटात आहे. (आणि बाळासोंना आता जे म्हणायला हवं ते आमच्या कुणाच्या जिभेवर येत नाही, कारण त्यांच्यामुळं लग्न जुळलं. ते तेवढं तुम्ही म्हणा. तुमचा हक्क आहे.) खाली अप्पा स्वतःच्या हातानं लिहितो म्हणतात. अक्षर लागलं नाही तर अक्काला लागेल.

जावईबापू, येतो म्हणून गेलासा, अजून आला न्हाईसा. या की.